नाकवाल्याच्या घरचं सार

माझ्या नवऱ्याला कारखान्यात सगळे नाकवाले म्हणतात, आणि मोठी पदवी मिळाल्यासारखा तो ते नाव मिरवतो. कारखाना मसाल्याचा आहे. पोती आली की त्यांतली मूठभर मिरची, धणे, मिरी पांढऱ्या थाळ्यांत काढून याच्यापुढे मांडतात. हा त्यातली चिमूट तळहातावर चोळतो, नाकाशी नेतो, डोळे मिटतो आणि म्हणतो ‘पास’ किंवा ‘परत’. एवढंच काम. सत्तावीस वर्षं त्याने हेच केलं आणि रोज संध्याकाळी घरी येऊन असा पाय ताणून बसला की वाटावं, पोती यानेच पाठीवरून वाहिली. तोंडावर मी त्याला अहो म्हणते. मनात मात्र अरेतुरेच चालतं. मनाला कोण विचारतंय?

नाकाचा पगार घरी यायचा, म्हणून नाकाचे नियमही घरी आले. साबण बिनवासाचा, तेल बिनवासाचं. पावडर नाही, फिनेल नाही, घरात फुलं नाहीत. शेजारणीने लादी पुसायला वासाचं काही वापरलं तर हा आमच्या खिडक्या लावून घ्यायचा आणि मी उकाड्यात स्वयंपाक करायचे. लेक दुसरीत असताना तिला मैत्रिणीने एक खोडरबर दिला होता, स्ट्रॉबेरीच्या वासाचा. याने तो गॅलरीतून खाली फेकला. पोर जिन्याने धावत गेली आणि तासभर गटाराशी शोधत बसली. मी तिला वर बोलावून समजूत घातली की बाबांच्या नाकावर आपण जेवतो. मला तेव्हा ते वाक्य फार शहाणपणाचं वाटलं होतं.

आणि ते सार. याच्या घराण्यातलं पिढीजात, माशाचं तिखट सार. ते म्हणे हा करतो. म्हणजे काय करतो ते ऐका. मासे मी साफ करते, मिरच्या मी भिजवून वाटते, डोकी आणि काटे उकळून ते पाणी मी गाळते. हा पातेल्यापाशी हात मागे बांधून उभा राहतो आणि वाफ हुंगतो. ‘आता लसूण.’ ‘आता मिरची.’ ‘आता मासे सोड.’ ‘बंद कर.’ चव बघायची नाही. चमचा लावणं म्हणजे अडाणीपणा. मीठसुद्धा याला वाफेवरून कळतं. मिठाला वास असतो हे याच्याखेरीज जगात कुणाला ठाऊक नाही. तो पाणी प्यायला वळला की मी पटकन चमचाभर चाखते आणि हवं तेवढं मीठ टाकते. मग जेवताना पाहुणे म्हणतात, मीठ कसं अगदी बेताचं! हा मान तुकवतो, आणि वर मला ऐकवतो की स्वयंपाक हाताने नाही, लक्ष देऊन होतो. नाकाने कांदे कसे सोलावेत हे शिकायचं असेल त्याने आमच्याकडे यावं.

पुढच्या महिन्यात याला साठ पूर्ण होणार होती. नियमाप्रमाणे घरी बसायचं, आणि आम्ही राहतो ती जागा कारखान्याची, तीही सोडायची. मात्र साहेबांनी मनावर घेतलं तर दोन वर्षं वाढवून मिळणार होती. त्यांनी मनावर घ्यावं म्हणून याने त्यांना रविवारी दुपारी सार खायला बोलावलं, जोडीने.

रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला हा मासे घेऊन आला. मासे नेहमी हाच आणतो. बाजारात सगळ्यांसमोर मासा उचलून हुंगायचा, दोन मासे नाक मुरडून परत ठेवायचे, तिसरा घ्यायचा, तेवढ्यात दहा माणसं बघत उभी राहिली पाहिजेत. मी दार उघडून उभी होते. हा अजून दुसऱ्या मजल्यावर असेल, आणि माशांचा वास आमच्या तिसऱ्या मजल्यावर आधी पोचला.

‘घे,’ पिशवी माझ्या हातात देत तो म्हणाला. ‘आजचा माल. नुसता समुद्र आहे समुद्र.’

मी मासे ताटात काढले. हातभर लांबीचे दोन. बोटाने दाबला तर खड्डा पडला तो पडलाच. डोळे आत गेलेले. कल्ले उचलून पाहिले, लाल असायला हवेत ते मातकट झालेले. हे सगळं बघायचीही गरज नव्हती म्हणा. ज्याला सर्दी नाही असं कुठलंही माणूस दारातून सांगू शकलं असतं की हे मासे कालचेसुद्धा नाहीत, परवाचे आहेत.

‘अहो, हे ताजे आहेत?’ मी विचारलं.

त्याने खाली वाकून ताटावर नाक नेलं, डोळे मिटले, दोन क्षण थांबला. ‘पास,’ म्हणाला.

मला काय सुचलं कोण जाणे. आत गेले. माझ्या बहिणीने आठ वर्षांपूर्वी मला गुलाबाचा साबण दिला होता. तो मी कपाटात गरम कपड्यांच्या तळाशी तीन पिशव्यांत गुंडाळून ठेवला होता. तो काढला आणि कोपरापर्यंत हात धुतले. काय सांगू, आठ वर्षांनीसुद्धा असा घमघमाट सुटला की मलाच भीती वाटली. तशीच बाहेर आले आणि चहाचा कप थेट त्याच्या नाकाखाली धरला. तो शांतपणे चहा प्यायला.

‘हात धुतलेस ना?’ त्याने विचारलं. ‘माशाचे हात असतील.’

‘धुतले,’ मी म्हणाले.

मग मी ओट्याशी गेले आणि तेलात लसूण टाकला. तो सवयीने येऊन मागे उभा राहिला. लसूण पिवळा झाला, तांबूस झाला, काळा पडायला लागला. घर जळक्या वासाने भरलं. समोरच्या बिऱ्हाडातलं कुणीतरी खोकलं. हा हात मागे बांधून वाफेवर वाकला होता. ‘अजून अर्धा मिनिट,’ तो म्हणाला.

मी गॅस बंद केला.

‘कधीपासून?’

‘काय कधीपासून?’

‘वास येत नाही ते.’

तो स्टुलावर बसला. ‘तापानंतर,’ म्हणाला. ‘दोन महिने नऊ दिवस.’

‘आणि कारखान्यात काय करता?’

‘रंग बघतो. मुठीत घेतल्यावर कुरकुरते का बघतो. आणि दलालाच्या तोंडाकडे बघतो. माल वाईट असला की तो जास्त बोलतो.’

मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच या माणसाने कामावर अक्कल वापरली होती. क्षणभर कीवही आली. स्टुलावर बसलेला, बनियनमधला, साठीला टेकलेला माणूस. दोन महिने नऊ दिवस मोजत बसला, आणि बायकोला सांगायची हिंमत झाली नाही. मी डॉक्टरचं काहीतरी विचारणार होते.

तेवढ्यात मला लेक आठवली आणि कीव कुठल्या कुठे गेली.

आमची लेक परगावी नोकरी करते. मागच्या महिन्यात ती दोन दिवसांसाठी आली होती. सहा तासांचा प्रवास करून आली, पिशवी खाली ठेवली आणि माझ्या गळ्यात पडली. हा आतल्या खोलीतून ओरडत आला, ‘काय फासून आलीयस? उद्या मला कामावर जायचंय, कळतं का?’ ती म्हणाली, बाबा, मी काहीही लावलेलं नाही. मी तिला म्हणाले, बाबांचं नाक कधी चुकत नाही, जा, आंघोळ करून ये. ती गेली. बिनवासाच्या साबणाने आंघोळ करून ओल्या केसांनी बाहेर आली, तर हा पुन्हा ओरडला, ‘अजून येतोय!’ तिने पिशवी उचलली आणि दुपारच्या गाडीने परत गेली. त्यानंतर तिचा फोन नाही. मी केले ते तिने उचलले नाहीत. चौतीस दिवस झाले होते. दिवस मोजायचं वेड फक्त यालाच होतं असं नाही.

‘मग त्या दिवशी तिच्यावर ओरडलात ते काय होतं?’ मी विचारलं.

‘ओरडलो नसतो तर तुम्हाला संशय आला असता,’ तो म्हणाला. ‘बाहेरून आलेल्या माणसावर मी नेहमीच ओरडतो.’

‘दोनदा?’

‘पहिल्यांदा तू लगेच मान्य केलंस. मग वाटलं, जमतंय.’

माझ्या हातात उलथणं होतं. ते मी खाली ठेवलं, कारण हातात राहिलं असतं तर पुढचं सांगता येत नाही. ‘आत्ताच्या आत्ता तिला फोन करा,’ मी म्हणाले. ‘सांगा, की मला वास येत नाही आणि तू काही लावलं नव्हतंस. दोन वाक्यं आहेत.’

‘साहेब गेल्यावर करतो.’

‘आत्ता.’

‘अगं, आज कसला दिवस आहे! एकदा ती दोन वर्षं पदरात पडू देत. मग तिला काय, सगळ्या गावाला सांगतो. तिच्या तोंडून कुठे गेलं म्हणजे?’

पोटच्या पोरीच्या तोंडाचा याला भरवसा नव्हता. दलालाच्या तोंडाचा होता. मी ते मासे कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकले, पायांत चपला सरकवल्या आणि बाजारात निघाले. का गेले म्हणाल, तर घर जाणार होतं म्हणून, आणि पाहुण्याच्या ताटात नासका मासा वाढायची माझी पद्धत नाही म्हणून. नवऱ्याचं नाक वाचवायला नव्हे.

मासेवाली मला बघून आधी ओशाळली, मग पदराआड हसली. ‘ताई, ते मी बाजूला काढून ठेवले होते हो,’ ती म्हणाली. ‘मांजराला घालायचे म्हणून. तुमचे साहेब आले, सगळे हुंगले, आणि नेमके तेच उचलले. मी म्हटलं, आता यांना कोण सांगणार? एवढे मोठे नाकवाले.’

‘सांगायचं होतंस की.’

‘तुम्ही सांगता का घरी?’

तिच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. मी दोन ताजे मासे निवडले, डोळे बघून, दाबून, आणि हो, हुंगूनही. मला काही महिन्याला पगार मिळत नाही नाकाचा, पण आईबापांनी ते दिलंय, आणि चांगलं दिलंय.

घरी येऊन सार केलं. पहिल्यांदाच माझ्या मनासारखं. काटे आणि डोकी मंद आचेवर हवी तेवढी उकळू दिली, घाई केली नाही. वाटलेली मिरची तेलात परतली, ती तेल सोडेपर्यंत. मग गाळलेलं पाणी, टोमॅटो, भरडलेली मिरी. मासे शेवटी सोडले आणि डाव न घालता पातेलं दोन्ही हातांनी धरून हलवलं, म्हणजे तुकडे मोडत नाहीत. चमच्याने उघड उघड चाखलं, तीनदा. नवरा आपला सवयीने मागे येऊन उभा. ‘आता लसूण,’ म्हणाला. लसूण पडून वीस मिनिटं झाली होती.

‘बसा तिकडे,’ मी म्हणाले.

तो बसला नाही. माझ्यामागे घुटमळत राहिला आणि मग घसा खाकरून म्हणाला, ‘साहेबांना सवय आहे. कुणाकडे गेले तरी खिशात नमुन्याच्या दोन पुड्या असतात. माझ्यापुढे ठेवतील. तू शेजारी उभी राहा. उजवीकडची चांगली असेल तर मला भात वाढ, डावीकडची असेल तर सार. एवढं कर.’

‘फोन करा. भात वाढते, सार वाढते, गाणं म्हणा तर गाणंही म्हणते.’

‘गेल्यावर करतो म्हटलं ना!’

बरोबर एक वाजता साहेब आले. अंगाने भरलेले, आवाजाने त्याहून भरलेले. मागून त्यांच्या बाई, हातात मिठाईचा डबा. दारातच साहेबांनी दोन्ही हात पसरले. ‘नाकवाले! जिन्यातच कळलं, आज तुम्ही स्वतः आचेपाशी उभे होतात!’

‘उभा होतो,’ नवरा म्हणाला. हे मात्र खरं होतं.

जेवण सुरू झालं. साहेबांच्या कपाळावर घाम आला, नाक वाहू लागलं, डोळे पाणावले, आणि ते एकेका घोटाला ‘वा’ म्हणत राहिले. त्यांच्या बाईंनी दोनदा सार मागून घेतलं. ‘आणि मीठ!’ साहेब म्हणाले. ‘मिठाचं कसं हो जमवता?’

‘वाफेवर कळतं,’ नवरा म्हणाला.

माझ्याकडे बघून म्हणाला. लाज नावाचा प्रकार नाकाबरोबर जात असावा. मी गप्प राहिले. मी गप्प राहण्यात इतकी पटाईत आहे की माझीही कारखान्यात सोय व्हायला हरकत नव्हती.

मग साहेबांनी खिशातून पुड्या काढल्याच. दोन कागदी पुड्या, दोन्हींत सुकी लाल मिरची. नवऱ्याच्या ताटाच्या दोन्ही बाजूंना ठेवल्या. ‘उद्या यातला एक माल उचलायचाय. मोठी खरेदी आहे. सांगा.’

मी नवऱ्याच्या खांद्यामागे उभी होते. पुड्या उघडल्या तशी मला डावीकडची लगेच कळली. तिला ओल लागून गेलेली होती. भिजलेलं पोतं कोपऱ्यात टाकून विसरलं की येतो तो वास. साहेबांच्या बाईंनाही आला असावा, कारण त्यांनी आपलं ताट बोटभर अलीकडे ओढलं. नवऱ्याने उजवीकडची चिमूट चोळली, डोळे मिटले. डावीकडची चोळली, डोळे मिटले. मग डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. भाताचं भांडं आणि साराचं पातेलं, दोन्ही माझ्या हाताशी होती. मी हात बांधून उभी राहिले.

तो वाट बघत राहिला. मीही. मला वाटलं, आता तरी हा माणूस बोलेल.

‘डावीकडची,’ तो म्हणाला. ‘रंग जिवंत आहे.’

‘रंग?’ साहेब म्हणाले.

‘वास, वास. रंगासारखा भरलेला.’

साहेबांनी मान डोलावली. त्यांना ते फार खोल वाटलं. मला राहवलं नाही. ‘साहेब,’ मी म्हणाले, ‘डावीकडची ओल लागलेली आहे. तिला कुबट वास येतोय.’

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि मग ते गडगडून हसले. ‘वहिनी, एका घरात दोन नाकं? घरच्या नाकवाल्याला विचारून तरी बोला!’

‘तिला बाजारच्या मिरचीची सवय,’ नवरा म्हणाला. ‘असला माल तिने बघितलाय कुठे?’ आणि तोही हसला. कपाळावर घामाचे थेंब होते, पण हसला.

साहेबांनी डावीकडची पुडी उचलली, स्वतः हुंगली, ‘लाखात एक,’ म्हणाले आणि खिशात घातली. ‘तुम्हाला घरी बसवून आमचं कसं चालेल? दोन वर्षं कुठे हलायचं नाही.’ झालं. नोकरी राहिली, घर राहिलं, आणि कारखाना कुबट मिरची दळायला मोकळा झाला. मी तेव्हा तोंड उघडून सगळं सांगू शकले असते. सांगितलं नाही, कारण साहेबांनी आणखी हसण्यापलीकडे काही केलं नसतं. खरं बोलून खोटं ठरायचं म्हणजे काय, हे मला त्या दोन मिनिटांत पुरतं कळलं होतं. माझे कान तापले होते, आणि मला फक्त माझी पोर दिसत होती, ओल्या केसांनी उभी.

मी साराचं पातेलं टेबलावर ठेवलं, घ्या हाताने म्हटलं, आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. फोन लावला. चौतीस दिवसांत तिने उचलला नव्हता, त्या दिवशी उचलला. पाचव्या का सहाव्या रिंगला.

‘बोल.’

मी सगळं सांगितलं. ताप, मासे, लसूण. बाबांना दोन महिन्यांपासून कसलाही वास येत नाही, त्या दिवशीही येत नव्हता. तू काही लावलं नव्हतंस. ते खोटं ओरडले, आपलं बिंग फुटू नये म्हणून. मी बोलत होते, आणि बोलताना मला बरं वाटत होतं, अगदी खरं सांगते. नवऱ्याला जेवढ्या शिव्या घालता येतील तेवढ्या घातल्या. भेकड म्हणाले, ढोंगी म्हणाले. आता ती रडेल, बापाला चार शब्द बोलेल, आणि मग माझ्याशी नीट बोलेल, अशी वाट बघत थांबले.

बाहेर साहेब पुन्हा सार वाढून घेत होते.

‘बाबांना येत नव्हता, बरं,’ लेक म्हणाली. ‘पण आई, मी तुझ्या गळ्यात पडले होते. तुला तर वास येतो ना?’